गाळणी काय अडवते आणि पुस्तिका काय सांगते

पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात, पाठ्यपुस्तकांचीही अधूनमधून होतात. यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. पुस्तिका म्हणजे अडल्यावर उघडायची आणि काम झाले की कपाटात टाकायची वस्तू, असा आपला समज असतो. परंतु काही पुस्तिका अशा असतात की त्यांतले एखादे वाक्य अपुरे राहिले तर यंत्र बंद पडत नाही. ते व्यवस्थित चालताना दिसते आणि धोका मात्र तसाच राहतो. अशा पुस्तिकांची तपासणी पुस्तकाइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

या लेखात आम्ही अशाच एका विषयावरील लेखन तपासणार आहोत. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ‘सेककॉम्प’ नावाची एक सोय आहे. एखाद्या प्रोग्रॅमने गाभ्याकडे कोणत्या विनंत्या कराव्यात आणि कोणत्या करू नयेत, हे या सोयीने ठरवून देता येते. थोडक्यात, ही विनंत्यांची गाळणी आहे.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे असे समजू नये. तुळजापूरला महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कवड्यांच्या माळा, परड्या, हळदी-कुंकू विकणारे दुकानदार आज मोबाइलवर पैसे घेतात. यातले बहुतेक मोबाइल अँड्रॉइडवर चालतात आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. पैशाचे ॲप आणि त्याच मोबाइलवर मुलाने उतरवून घेतलेले खेळाचे ॲप, दोन्ही एकाच गाभ्याकडे विनंत्या करीत असतात. खेळाच्या ॲपने गाभ्यातील एखाद्या चुकीचा फायदा घेतला तर पैशाचे ॲपही सुरक्षित राहत नाही. म्हणून २०१७ साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून सर्व ॲप्सवर सेककॉम्पची गाळणी बसवलेली असते.

सिस्टिम कॉल म्हणजे काय?

कोणताही प्रोग्रॅम स्वतः फाइल उघडू शकत नाही, पडद्यावर अक्षर उमटवू शकत नाही, की नेटवर्कवर संदेश पाठवू शकत नाही. यांपैकी प्रत्येक कामासाठी त्याला गाभ्याला विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. प्रत्येक सिस्टिम कॉलला एक क्रमांक असतो आणि त्याच्यासोबत जास्तीत जास्त सहा संख्या पाठवता येतात. लिनक्समध्ये असे तीनशेहून अधिक कॉल आहेत. साधा प्रोग्रॅम त्यांपैकी थोडेच वापरतो, पण उरलेल्यांचे दरवाजेही त्याला उघडेच असतात. त्यांपैकी एखाद्या दरवाजामागच्या गाभ्याच्या भागात चूक राहिली असेल, तर प्रोग्रॅमचा ताबा घेतलेल्या हल्लेखोराला तेथून आत शिरता येते. जे दरवाजे लागतच नाहीत ते आधीच बंद करावेत, हा गाळणीमागचा साधा विचार आहे.

ही सोय एका दिवसात आलेली नाही. २००५ साली लिनक्सच्या २.६.१२ या आवृत्तीत आंद्रेआ आर्कान्जेली यांनी तिचे पहिले रूप आणले. आपल्या संगणकाचा रिकामा वेळ परक्या लोकांना भाड्याने द्यायचा, तर त्यांचा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर निर्धोकपणे चालला पाहिजे, हा त्यांचा हेतू होता. त्यात वाचणे, लिहिणे, प्रोग्रॅम संपवणे आणि सिग्नलवरून परतणे अशा चारच कॉलना परवानगी होती. पाचवा कॉल केला की प्रोग्रॅम ठार. नियम सोपा होता, पण इतका कडक की त्याचा उपयोग फारच थोड्यांना झाला.

जुलै २०१२ मध्ये, ३.५ या आवृत्तीत, विल ड्रुरी यांच्या प्रयत्नांनी गाळणीचे आजचे रूप आले. कोणते कॉल चालतील हे आता प्रोग्रॅम लिहिणाराच ठरवू शकतो. त्यासाठी तो बीपीएफ नावाच्या छोट्या सांकेतिक भाषेत नियम लिहून गाभ्याच्या हवाली करतो. बीपीएफ मुळात नेटवर्कवरील संदेश निवडण्यासाठी स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार केली होती. तीच येथे कॉल निवडण्यासाठी वापरली गेली. पुढे २०१४ साली ३.१७ या आवृत्तीत सेककॉम्प नावाचा स्वतंत्र सिस्टिम कॉल आला. २०१७ आणि २०१९ साली त्यात आणखी भर पडली. या प्रत्येक टप्प्यावर लेखन वाढत गेले, आणि त्याच्या गुणदोषांवर या इतिहासाची खूण स्पष्ट दिसते.

पहिले लेखन : गाभ्याबरोबर येणारी टिपण-फाइल

गाभ्याच्या मूळ आज्ञावलीसोबत टिपणांचा एक मोठा संग्रह मिळतो. त्यात सेककॉम्पच्या गाळणीवर एक फाइल आहे. ती लहान आहे. एका बैठकीत वाचून होते. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ही सोय काय नाही, हे सांगणारा एक वेगळा भाग तिच्या अगदी सुरुवातीला आहे. गाळणी म्हणजे सुरक्षित कोठडी नव्हे, कोठडी बांधणाऱ्याच्या हातातले ते एक हत्यार आहे, असे तेथे स्पष्ट बजावले आहे. आपल्याच कामाची मर्यादा दुसऱ्या परिच्छेदात सांगणारे तांत्रिक लेखन विरळा. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी हा गुण जरूर उचलावा.

आता उणिवा पाहू. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सर्वांत जपायची गोष्ट म्हणून ही फाइल एक इशारा देते. केवळ कॉलच्या क्रमांकावर भिस्त ठेवू नका, तो कोणत्या यंत्ररचनेच्या यादीतला आहे हेही तपासा. इशारा बरोबर आहे, पण सोबत एकही उदाहरण नाही. वर्गात असे विधान केले तर मुले ते वहीत उतरवून घेतील आणि विसरून जातील. चार ओळींचा एक तक्ता दिला असता तर भागले असते. इंटेलच्या जुन्या ३२ बिटी यादीत आणि ६४ बिटी यादीत क्रमांक असे आहेत :

क्रमांक १ : ३२ बिटी यादीत ‘संपवा’, ६४ बिटी यादीत ‘लिहा’.
क्रमांक २ : ३२ बिटी यादीत ‘नवी प्रक्रिया जन्माला घाला’, ६४ बिटी यादीत ‘फाइल उघडा’.
क्रमांक ३ : ३२ बिटी यादीत ‘वाचा’, ६४ बिटी यादीत ‘फाइल बंद करा’.
क्रमांक ४ : ३२ बिटी यादीत ‘लिहा’, ६४ बिटी यादीत ‘फाइलची माहिती सांगा’.

एकाच शाळेच्या दोन तुकड्यांत दोन क्रमांकाचा विद्यार्थी वेगळा असावा, तसाच हा प्रकार आहे. ६४ बिटी गाभा सहसा दोन्ही याद्या मानतो. ‘फाइल उघडायला हरकत नाही’ म्हणून कोणी क्रमांक २ ला मुभा दिली आणि यादी तपासली नाही, तर ३२ बिटी पद्धतीने क्रमांक २ ची हाक देणारा नवी प्रक्रिया सुरू करून मोकळा होईल. गाळणी जागच्या जागी असेल, नियमही पाळला गेला असेल, आणि चोर आत असेल. हे उदाहरण वाचल्यावर तो इशारा कोणी विसरणार नाही.

दुसरी उणीव प्रमाणाची आहे. फाइलीच्या शेवटी काही अपवाद दिले आहेत. वेळ विचारण्यासारखे काही कॉल गाभ्यापर्यंत न जाताच प्रोग्रॅमच्या हद्दीत उरकले जातात. त्यामुळे गाळणीला ते दिसत नाहीत, आणि एखाद्या वेगळ्या यंत्रावर तेच कॉल खरोखर गाभ्याकडे जाऊ लागले की प्रोग्रॅम अचानक कोसळतो. हे सांगून फाइल थांबत नाही. यंत्राच्या घड्याळाचा स्रोत मुद्दाम बदलून ही परिस्थिती कशी निर्माण करावी आणि तपासून पाहावी, हेही ती सांगते. हे उत्तम आहे, कारण यात नुसती सूचना नाही, प्रयोग आहे. परंतु त्यालाच लागून इंटेलच्या जुन्या प्रोग्रॅमांसाठी ठेवलेल्या एका पद्धतीचे बारीकसारीक तपशील बरीच जागा अडवतात. आजच्या प्रोग्रॅमांना त्यांची गरज क्वचितच पडते. सर्वांना लागणारा इशारा थोडक्यात आटोपला आहे आणि मोजक्यांना लागणारा तपशील विस्ताराने दिला आहे. ज्या काळात जी अडचण आली ती तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवली, पुढे कोणी सगळी मांडणी नव्याने केली नाही, याचा हा परिणाम असावा.

तिसरी उणीव वाचकाविषयी आहे. फाइल प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आहे, पण मध्येच एक भाग नव्या यंत्ररचनेसाठी गाभ्यात बदल करणाऱ्यांना उद्देशून येतो. उलट, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सर्वांत आधी हवा असलेला पूर्ण नमुना फाइलीत नाही. तो वेगळ्या नमुना-संग्रहात पाहायला सांगितले आहे. आपण कोणासाठी लिहितो आहोत हे लेखकाने ठरवले नाही की दोन्ही वाचक उपाशी राहतात.

दुसरे लेखन : मॅन पेज

युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक सिस्टिम कॉलसाठी पुस्तिकेचे एक पान असते, त्याला मॅन पेज म्हणतात. सेककॉम्पचे पान बरेच लांब आहे. मायकेल केरिस्क यांनी २००४ पासून सुमारे दीड दशक लिनक्सची ही पाने सांभाळली. त्यांच्या शिस्तीचा ठसा येथे दिसतो.

दोन लेखनांतला फरक पाहायला एकच मुद्दा पुरे. गाळणी बसवण्याआधी सामान्य प्रोग्रॅमला एक अट मान्य करावी लागते. मी आणि माझ्यापासून जन्मलेल्या प्रक्रिया यापुढे कधीही जास्त अधिकार मिळवणार नाही, ही ती अट. ती का घातली? टिपण-फाइल एका वाक्यात सांगते की, बसवणाऱ्यापेक्षा जास्त अधिकार असलेल्या प्रक्रियेवर गाळणी लादली जाऊ नये म्हणून. वाक्य खरे आहे, पण चित्र उभे राहत नाही. मॅन पेज मात्र प्रसंग रंगवून दाखवते. समजा, दुष्ट हेतूने कोणी अशी गाळणी लिहिली की, ‘माझे विशेष अधिकार काढून घ्या’ हा कॉल आला तर तो गाभ्याकडे जाऊच द्यायचा नाही, आणि वर ‘काम झाले’ असे उत्तर द्यायचे. मग ही गाळणी लावून एखादा विशेष अधिकारांचा प्रोग्रॅम सुरू केला, तर त्या बिचाऱ्याला वाटेल की आपण अधिकार सोडले, आणि प्रत्यक्षात ते त्याच्याकडेच राहतील. संरक्षणासाठी केलेली सोय फसवणुकीला वापरता येते, हे येथे वाचकाला लख्ख दिसते. ही कल्पनेतली भीती नव्हे. २००० साली लिनक्समधील अधिकारांच्या एका वेगळ्या सोयीत अशाच जातीची चूक सापडली होती, आणि टपाल पोहोचवणाऱ्या सेंडमेल या प्रोग्रॅममार्फत तिचा गैरफायदा घेता येत होता. तो प्रसंग पानात दिला असता तर आणखी बरे झाले असते.

पानाचा आणखी एक गुण म्हणजे वाचकाच्या मनातील गैरसमज ओळखून दिलेली उत्तरे. प्रोग्रॅम लिहिणारा ‘ओपन’ असे लिहितो. त्याला वाटते, आपण ओपन हाच कॉल करतो आहोत. प्रत्यक्षात मध्ये सी भाषेची लायब्ररी असते आणि तिच्या २.२६ या आवृत्तीपासून ती ओपनऐवजी ‘ओपनॲट’ हा वेगळा कॉल करते. म्हणजे आपण ज्या नावाला परवानगी दिली ते नाव दारापर्यंत येतच नाही. बंदी असलेल्या कॉलची यादी करण्याऐवजी परवानगी असलेल्यांची यादी करा, हा सल्लाही पान ठामपणे देते. बंदीची यादी केली तर उद्या गाभ्यात नवा कॉल आला की तो आपोआप मोकाट सुटतो.

याच ठिकाणी अँड्रॉइडकडे पाहण्यासारखे आहे. आठव्या आवृत्तीच्या वेळी गूगलने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार, ६४ बिटी एआरएम यंत्रांवर २७१ कॉलपैकी १७ आणि ३२ बिटी यंत्रांवर ३६४ पैकी ७० कॉल अडवले गेले. यादी परवानग्यांचीच होती, पण जगभरातली लाखो ॲप्स चालू ठेवायची म्हणून ती सैल ठेवावी लागली. ‘गाळणी आहे’ एवढ्याने समाधान न मानता तिची छिद्रे केवढी आहेत, हे विचारले पाहिजे.

मॅन पेजची सर्वांत मोठी अडचण क्रमाची आहे. कॉल अडवल्यावर काय करायचे, याचे २०१२ साली पाच पर्याय होते. २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत दोन वाढले, २०१९ च्या ५.० आवृत्तीत एक. आज ते आठ आहेत : पूर्ण प्रक्रिया ठार करा, केवळ तो धागा ठार करा, सिग्नल द्या, चुकीचा क्रमांक परत करा, दुसऱ्या प्रोग्रॅमला कळवा, निरीक्षकाला सांगा, नोंद करून जाऊ द्या, जाऊ द्या. एकाहून अधिक गाळण्या असतील तर त्या सर्व चालतात आणि सर्वांत कडक निकाल मान्य होतो. हे सगळे पानात अचूक आहे. पण नवख्याने यांतला कोणता कधी निवडावा, हे त्याला स्वतःच शोधून काढावे लागते. शब्दकोश आणि व्याकरणाचे पुस्तक यांत जो फरक, तोच येथे आहे. मॅन पेज हा उत्तम शब्दकोश आहे.

पहारेकऱ्याला न दिसणारे

गाळणीची एक मर्यादा दोन्ही लेखनांत आहे, पण ती नीट समजली नाही तर सगळेच व्यर्थ. गाळणीला कॉलचा क्रमांक आणि सोबतच्या सहा संख्या दिसतात. त्यांपैकी एखादी संख्या म्हणजे स्मृतीतील जागेचा पत्ता असेल, तर त्या पत्त्यावर काय ठेवले आहे ते मात्र गाळणी पाहू शकत नाही. ‘ही फाइल उघडू दे, ती नको’ असा नियम तिच्याकडून होत नाही, कारण फाइलचे नाव पत्त्यावर असते.

नवरात्रात तुळजापूरच्या महाद्वारावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची कल्पना करा. यात्रेकरूच्या चिठ्ठीवर लिहिले आहे, ‘सामान अमुक धर्मशाळेत, अमुक खोलीत.’ पहारेकरी चिठ्ठी वाचू शकतो, खोलीवर जाऊ शकत नाही. समजा, त्याने माणूस धाडून सामान तपासून घेतले, तरी तो माणूस परत येऊन यात्रेकरू आत जाईपर्यंत कोणी सामान बदलले नाही कशावरून? तपासणीची वेळ आणि वापराची वेळ यांत अंतर पडले की तपासणीला अर्थ उरत नाही. हा धडा संगणकशास्त्राने किंमत देऊन घेतला आहे. निल्स प्रोवोस यांच्या सिस्ट्रेस या साधनात पत्त्यावरचा मजकूरही तपासला जात असे. २००७ साली रॉबर्ट वॉटसन यांनी दाखवून दिले की, मधल्या क्षणात मजकूर बदलून अशा साधनांना चकवता येते. पुढे ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने सिस्ट्रेस काढूनच टाकले. सेककॉम्प पत्त्यावर पाहत नाही ही उणीव नव्हे, विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. टिपण-फाइल हे सांगते, पण सिस्ट्रेसची कहाणी न सांगता.

२०१९ साली टायको अँडरसन यांच्या कामातून, अडवलेल्या कॉलची खबर दुसऱ्या प्रोग्रॅमला देण्याची सोय आली, तेव्हा हाच धोका मागच्या दाराने परत आला. खबर मिळालेला प्रोग्रॅम पत्त्यावरचा मजकूर वाचू शकतो, म्हणून त्यावर सुरक्षेचे निर्णय घेण्याचा मोह होतो. या सोयीचे स्वतंत्र मॅन पेज २०२१ साली प्रसिद्ध झाले. या सोयीवर सुरक्षेचे धोरण उभारू नका, असे त्यात निःसंदिग्धपणे लिहिले आहे. पान चांगले आहे. पण सोय मार्च २०१९ मध्ये लोकांच्या हाती गेली आणि सविस्तर पान दोन वर्षांनी आले. औषध आज विकायचे आणि त्यावरचे सूचनापत्र दोन वर्षांनी छापायचे, हे आपण औषधाच्या दुकानात चालवून घेऊ का?

‘परवानगी नाही’ की ‘असे काम येथे होत नाही’?

पुस्तिकेतील मौनाची किंमत काय असते, याचे एक उदाहरण २०२१ साली पाहायला मिळाले. डॉकर हे साधन प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत चालवते. २०१६ पासून त्यात सेककॉम्पची गाळणी मुळातच बसवलेली येते. डॉकरच्या पुस्तिकेचे येथे कौतुक केले पाहिजे. तीनशेहून अधिक कॉलपैकी सुमारे ४४ अडवले जातात, असे सांगून ती प्रमुख कॉलपुढे ते का अडवले याचे कारण देते. मात्र यादीत नसलेल्या, अगदी नव्या कॉलला काय उत्तर द्यावे, हा प्रश्न तेव्हा कोणीच नीट विचारला नव्हता. गाळणी ‘परवानगी नाही’ असे उत्तर देई.

२०२१ च्या फेब्रुवारीत सी लायब्ररीची २.३३ ही आवृत्ती आली. फाइल वापरता येईल का, हे विचारण्यासाठी ती एक नवा कॉल करू लागली. तो २०२० साली गाभ्यात आला होता. गाभा जुना असेल तर तो ‘असे काम येथे होत नाही’ असे उत्तर देतो, मग लायब्ररी जुन्या पद्धतीने काम भागवते. पण जुनी गाळणी म्हणाली, ‘परवानगी नाही.’ लायब्ररीने त्याचा अर्थ घेतला की फाइलच वापरता येत नाही. परिणामी, फाइली जागेवर असूनही डब्यांतील प्रोग्रॅम अडून बसले. कचेरीत ‘हे काम या खिडकीवर होत नाही’ म्हटले तर माणूस पुढच्या खिडकीकडे जातो. ‘तुम्हाला परवानगी नाही’ म्हटले तर तो घरी परततो. त्याच वर्षी डबे चालवणाऱ्या रनसी या साधनात दुरुस्ती करून नव्या, अनोळखी कॉलना योग्य उत्तर देण्याची व्यवस्था केली गेली. टिपण-फाइलीत चुकीचा क्रमांक परत कसा करावा हे आहे. कोणत्या प्रसंगी कोणता, याचा सल्ला नाही. दोन वाक्यांचा सल्ला वेळेवर असता तर कित्येकांचा मनस्ताप वाचला असता.

तुलनेसाठी : प्लेज

ओपनबीएसडीने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. २०१६ च्या ५.९ आवृत्तीत ‘प्लेज’, म्हणजे शपथ, नावाचा कॉल आला. प्रोग्रॅम काही थोडे शब्द उच्चारतो : मी साधी देवाणघेवाण करीन, फाइली वाचीन, बस्स. प्रत्येक शब्दाखाली कोणते कॉल मोडतात हे गाभा जाणतो. शपथ मोडली की प्रोग्रॅम संपला. शपथ घेतल्यावर ती आणखी कडक करता येते, सैल करता येत नाही. प्लेजचे मॅन पेज लहान, सरळ आणि वाचनीय आहे : शब्द, त्याचा अर्थ, त्याखालचे कॉल. यंत्ररचनेच्या दोन याद्यांची भानगड वाचकापर्यंत येतच नाही.

यावरून प्लेजचे लेखक अधिक चांगले लिहितात, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ओपनबीएसडीमध्ये गाभा आणि लायब्ररी एकाच मंडळींच्या हाती असतात, म्हणून त्यांना कॉलची गटवारी करता येते. लिनक्समध्ये गाभा एकाचा, लायब्ररी दुसऱ्याची आणि डबे तिसऱ्याचे. तेथे मोकळे साधन द्यावे लागले, आणि मोकळ्या साधनाची पुस्तिका अवघडच होणार. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जी रचना समजावून सांगायला सोपी, ती वापरायलाही कमी धोक्याची. समजावताना ज्या जागी वारंवार ‘परंतु’ म्हणावे लागते, तेथे बहुधा रचनेतच काही अडते आहे. लिनक्समध्येही ‘लिबसेककॉम्प’ ही लायब्ररी २०१२ पासून आहे. ती कॉलची नावे घेऊन क्रमांक आणि याद्यांचा हिशेब स्वतः ठेवते. टिपण-फाइलीने नवख्याचे बोट धरून त्याला आधी तिकडे न्यायला हवे होते.

लिहिणाऱ्यांची सोय कोण पाहणार?

या उणिवांचे खापर एखाद्या लेखकावर फोडणे बरोबर नाही. केरिस्क यांच्यानंतर लिनक्सची मॅन पेजेस अलेहांद्रो कोलोमार सांभाळू लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केले की, आर्थिक आधाराशिवाय हे काम आता पुढे चालवता येणार नाही. नंतर काही कंपन्यांनी मदत देऊ केली आणि काम पुन्हा सुरू झाले. जगातल्या कोट्यवधी यंत्रांच्या गाभ्याची पुस्तिका इतक्या बारीक धाग्यावर लटकलेली असावी, ही चिंतेची बाब आहे. गाभ्याच्या टिपणांचे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत अनुवाद सुरू आहेत. त्यांत मराठी नाही. संगणकाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे एक उपयोगी आणि आव्हानाचे काम आहे. अनुवाद करताना मूळ वाक्यातील मोघमपणा सर्वांत आधी उघडा पडतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर वरच्या वर्गातील मुलांकडून दोन प्रयोग करून घ्यावेत. ‘एसट्रेस’ हे साधन वापरून, फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञा किती वेगवेगळे कॉल करते ते मोजावे, आणि तीनशेहून अधिक कॉलपैकी किती दरवाजे तिला मुळात लागलेच नाहीत हे काढावे. दुसरा प्रयोग असा : ‘प्रोक’ या डिरेक्टरीत प्रत्येक चालू प्रक्रियेच्या क्रमांकाची डिरेक्टरी असते. तीतील ‘स्टेटस’ या फाइलीत सेककॉम्प या नावाची ओळ शोधावी. तेथे ० असेल तर गाळणी नाही, १ असेल तर २००५ सालची कडक पद्धत, २ असेल तर २०१२ नंतरची गाळणी. साध्या आज्ञेपुढे ० आणि ब्राउझरच्या पाने दाखवणाऱ्या प्रक्रियेपुढे २ दिसला, तर असे का, यावर वर्गात चर्चा करावी.

आमचा अभिप्राय थोडक्यात असा. सेककॉम्पचे लेखन प्रामाणिक आणि अचूक आहे. काय नाही, हे सांगण्याचे धैर्य त्यात आहे. पण उदाहरणांचा कंजूषपणा, महत्त्वाच्या इशाऱ्यांना दिलेली तोकडी जागा आणि सोयीमागून धावत येणारी पुस्तिका, हे तीन दोष त्याचा उपयोग घटवतात. पुस्तिकेत न लिहिलेले वाक्यही शेवटी गाळणीतले छिद्रच ठरते. प्रोग्रॅम लिहिणारा जे समजला त्यावरून तो गाळणी लिहितो, आणि दुकानदाराच्या हातातला मोबाइल त्या गाळणीवर विसंबून असतो.